सेल उतरलेला आवाज

संपादक महोदय, स.न.वि.वि.

गायक-गीतकार व्हायचे तर आधी गळा तयार हवा, असा सूर आपल्या परवाच्या लेखात दिसला. मला कॅनडाचा कवी आणि गायक-गीतकार लिओनार्ड कोहेन आठवला. त्याचा पहिला अल्बम डिसेंबर १९६७ मध्ये आला तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. चार कवितासंग्रह आणि दोन कादंबऱ्या आधीच छापून झालेल्या. मी प्रथम ऐकले तेव्हा टेपरेकॉर्डरचे सेल उतरले असावेत म्हणून चक्क बदलले! आवाज तसाच: सपाट, जेमतेम चार-पाच सुरांत फिरणारा. पण गिटारवर बोटे एकसारखी चालतात, मागून बायकांचा कोरस हलकेच उचलून धरतो आणि शब्द न् शब्द कळतो. (तयार गळ्यांच्या किती गाण्यांत कळतो?) मागची वाद्ये खुद्द कोहेनलाही जास्तच वाटली होती. मला नाही खटकत.

– एक वाचक