पंचांगाखालची पाकिटे

चि. मंदार यास आईचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलास की रक्तदाब १२४/८० आला, म्हणून दोन आठवड्यांपासून गोळी बंद केली आहेस. तेव्हा मी गप्प राहिले, कारण मागे याच विषयावरून तू चिडून फोन ठेवला होतास. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

अरे, तो आकडा गोळीमुळेच उतरला आहे. ती रक्तवाहिन्या सैल ठेवते. तिचा अंमल ओसरला की दाब पुन्हा चढतो आणि चढताना वर्दी देत नाही. अण्णांचेही कधी डोके दुखले नाही. ‘मला काही होतच नाही, मग गोळी कशाला?’ असे ते म्हणत, आणि गौरीपूजनाच्या सकाळी त्यांच्या हातातून पळी गळून पडली. ओल्या हातातून निसटली असेल असे समजून मी ती उचलून पुन्हा हातात दिली, तर ती पुन्हा पडली. उजवी बाजू नंतर परत आलीच नाही. पुढे कपाट आवरताना पंचांगाखाली न फोडलेली ११ पाकिटे सापडली. ती मी अजून टाकलेली नाहीत.

पाय सुजतात म्हणून तुला गोळी नकोशी झाली, असे शलाका म्हणाली. तुझ्या या गोळीने, अम्लोडिपिनने, काहींचे घोटे सुजतात हे खरे आहे. डॉक्टरांना सांगितलेस तर ते मात्रा कमी करतील किंवा औषध बदलतील, पण आपल्या मनाने ती सोडू नये. कंबरेसाठी घेतोस त्या वेदनाशामक गोळ्यांपैकी काहींनीही दाब वाढतो, तेही त्यांच्या कानावर घाल. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवे, म्हणजे लोणचे-पापड धरून जेमतेम एक लहान चमचा. तेव्हा मी पाठवलेली बरणी कुणाला तरी देऊन टाक. दाब मोजण्यापूर्वी ५ मिनिटे पाठ टेकून शांत बसत जा. चहा घेतल्या घेतल्या मोजू नकोस.

पुन्हा उपदेश सुरू झाला, रागावू नकोस. एवढा मोठा विभाग सांभाळतोस, परवाच कुसुमवहिनींना कौतुकाने सांगत होते. पण माझ्या डोळ्यांसमोर येतो तो काविळीतला तू, नाक दाबून कडू काढा एका घोटात संपवणारा आणि रिकामी वाटी उपडी करून मला दाखवणारा.

उद्याच डॉक्टरांना भेट. बोलायला वेळ नसेल तर नुसता फोडलेल्या पाकिटाचा फोटो पाठव, मी वर काही विचारणार नाही. गोळी मात्र सोडू नकोस रे.

तुझी,
आई