संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र: निकष कोणाच्या सांगण्यावरून बदलले, ते नोंदवा

मा. राजनाथ सिंह,
संरक्षणमंत्री, भारत सरकार
यांस सविनय नमस्कार.

17 ऑक्टोबर 2025 रोजी आपण नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) विमान कारखान्यात आलात. नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क-1ए लढाऊ विमान आपल्यासमोर आकाशात झेपावलं, त्याचा आम्हाला मनापासून अभिमान आहे. तेव्हा शस्त्रखरेदीत आम्हा नाशिककरांचा हितसंबंध आहे, हे आधीच सांगतो. एचएएलला काम मिळावं असं इथल्या कामगारांना आणि सातपूर-अंबडच्या लघुउद्योजकांनाही वाटणारच. परदेशी कंपन्या, त्यांचे भारतीय भागीदार, कंपन्यांकडे सल्लागार झालेले निवृत्त अधिकारी, संरक्षण संशोधन करणारी सरकारी संस्था डीआरडीओ हेही आपापली बाजू लावून धरतात. त्यात गैर काही नाही, फक्त ते कागदावर यायला हवं.

खरा जोर लागतो तो निविदेच्या कितीतरी आधी. सैन्यदलाला नेमकं काय हवं, याचे गुणात्मक निकष लिहिले जातात तेव्हा वजनाचा किंवा पल्ल्याचा एक आकडा बदलला, तरी अख्खी कंपनी स्पर्धेबाहेर जाते. हवाई दलाचे निकष इतके तपशीलवार असतात की कोणताच पुरवठादार ते पूर्ण करू शकत नाही आणि खरेदी चालू असतानाच ते वारंवार बदलतात, असं सरकारी खर्चाचं लेखापरीक्षण करणाऱ्या कॅगने 2019च्या अहवालात म्हटलं आहे. आता लाच देणार-घेणार नाही अशी हमी देणारा सचोटी करार आहे, मध्यस्थांची माहिती देण्याची अटही आहे. या दोन्ही गोष्टी चांगल्याच, पण निकष लिहिणाऱ्यांना कोण भेटून गेलं, हे त्यातून कळत नाही.

संशयाची किंमत आमच्या नाशिकजवळच्या देवळालीने, लष्कराच्या तोफखान्याच्या ठाण्याने, मोजली आहे. 1986 साली बोफोर्सच्या 410 तोफांचा करार झाला, मग दलालीचे आरोप झाले. तोफ उत्तम होती, कारगिलमध्ये ते दिसलंच. पण त्या प्रकरणानंतर सही करायला हात धजेनात. के-9 वज्र आणि एम-777 या नव्या तोफा देवळालीत दाखल व्हायला नोव्हेंबर 2018 उजाडला. मधली वर्षं तोफखान्याच्या जवानांनी जुन्या तोफांवर काढली.

म्हणून मागणी करतो: निकषांचा पहिला मसुदा लिहिल्यापासून करार होईपर्यंतची प्रत्येक भेट आणि प्रत्येक बदल कारणासह नोंदवा. ती नोंद संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीपुढे ठेवा, हवं तर बंद दाराआड. शस्त्राची क्षमता गुप्त राहू द्या, भेटीगाठी लपवण्याचं कारण नाही. निकष लिहिताना तोफ चालवणाऱ्या हवालदाराचं आणि विमान दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाचं म्हणणंही लेखी घ्या.

ओझरसाठी नाशिकहून येणारी निवेदनंही त्याच नोंदवहीत चढवा.

आपला,
एक नाशिककर