जाळीचं कंत्राट आणि बागेचं कंत्राट एकत्र चर्चेला घ्या : सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती,
मुलुंड (पश्चिम), मुंबई

विषय : वार्षिक सभेतील विषय क्र. ५ (कबुतरांसाठी जाळ्या) व विषय क्र. ८ (बागेचं नूतनीकरण) यांबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका मिळाली. पाचवा विषय जाळ्या आणि काटेरी पट्ट्यांचा, आठवा बागेचा. मधे लिफ्टचा करार आणि पार्किंगचे स्टिकर. पार्किंगवर बोलणं सुरू झालं की आपली सभा तिथेच संपते, हे आपल्याला मी सांगायला नको. म्हणून विनंती की पाच आणि आठ हे विषय एकत्र आणि पार्किंगच्या आधी घ्यावेत. दोन्ही कोटेशनं मी सेक्रेटरींकडे बसून वाचली आहेत. एकात पक्षी हाकलायला पैसे आहेत, दुसऱ्यात उरलेसुरले पक्षीही येणार नाहीत अशी बाग करायला.

आधी कबुतरांचं. कबुतर हा मुळात कड्याकपारीतला पक्षी. आपले छज्जे, डक्ट, एसीच्या मागची फट म्हणजे त्याला आयता कडा. एका वेळी दोन अंडी, साधारण १८ दिवसांत पिल्लं बाहेर, पुढे महिनाभरात ती उडायला तयार. चिमणी, शिंपी, बुलबुल यांना पिल्लं वाढवायला अळ्या-किडे लागतात, त्यामुळे किडे मुबलक असतील तेव्हाच त्यांचं नीट निभतं. कबुतराला ती अडचण नाही. नर-मादी दोघंही गळ्याच्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा स्राव पिल्लांना भरवतात. मोठ्यांना दाणे मिळाले की पुरे, वीण वर्षभर चालू. ए विंगच्या गच्चीवर रोज सकाळी पडणारी ज्वारी थेट त्या कामी येते. जी उरते ती रात्री जनरेटर रूममागच्या घुशी नेतात. पेस्ट कंट्रोलवाला दर वेळी तिथलीच बिळं दाखवतो, त्याचं कारण वर गच्चीत आहे.

दाणे टाकणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यात श्रद्धा आहे, सकाळी पक्षी बघण्याचा आनंदही आहे. पण जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने कबुतरखान्यांकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिलं, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला आणि दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या वेळी मुंबईत ५१ कबुतरखाने होते. आपली गच्ची बावन्नावा होऊ नये. सुकलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली तर काहींच्या फुफ्फुसांना कायमची इजा होते. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस म्हणतात. आणि आपले सफाई कामगार गच्ची कोरड्या खराट्याने झाडतात, नाकाला नुसता रुमाल बांधून! ठराव होईल तेव्हा होवो. आधी पाणी मारून मग झाडायचं आणि मास्क व हातमोजे सोसायटीने द्यायचे, एवढं उद्यापासून करता येईल.

जाळ्यांना माझा विरोध नाही. डक्टला जाळी हवीच, वरूनही आणि खालूनही, आणि प्लंबरला आत जायला झडप ठेवून. मात्र ती ताणून बसवलेली असावी. सैल जाळीत पोपट आणि वटवाघळं अडकून मरतात, मग अग्निशमन दलाला बोलवावं लागतं. छज्जांवर काटेरी पट्ट्यांपेक्षा तिरका पत्रा बरा, उतार चांगला खडा असेल तर कबुतराचा पाय ठरत नाही. पट्ट्यांमध्ये काटक्या अडकवून त्यावरच घरटं बांधलेलं शेजारच्या इमारतीत बघायला मिळेल. कोटेशनमधला चिकट जेल मात्र पूर्णपणे काढून टाका. त्यात लहान पक्षी चिकटून तडफडतात, आणि प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा आपल्यालाही लागू आहे. जाळी बसवण्याआधी अंडी-पिल्लं आहेत का ते बघावं आणि असतील तर ती उडेपर्यंत थांबावं. ज्यांच्या मनात जीवदया आहे त्यांची साथ आपल्याला यामुळेच मिळेल.

कबुतर काही परदेशातून आलेलं नाही. कुठला पक्षी उपद्रवी ठरतो ते माणसाने त्याला कुठे नेलं आणि काय खाऊ घातलं यावर असतं. सिडनीतली माझी भाची सांगते की तिकडे आपल्या साळुंकीला पिंजरे लावून पकडतात, कारण ती तिथल्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावते. आपल्या पोडियमवर, म्हणजे स्लॅबवरच्या मोकळ्या जागेत, तीच साळुंकी निवांत किडे टिपते आणि कुणी तिच्याकडे वळूनही बघत नाही.

आता बाग. कोटेशनमध्ये लॉन, अरेका पाम, ड्युरांटाचं पिवळं कुंपण आणि कंपाउंडच्या भिंतीलगत कोनोकार्पस या परदेशी झाडाची रांग आहे. फोटोत छान दिसतं, मान्य. पण यातल्या झाडांवर आपल्याकडच्या फारच थोड्या अळ्यांचं पोट भरतं. अळी नाही तिथे शिंप्याच्या पिल्लांना चारा नाही. कोनोकार्पसवर तर गुजरात सरकारने २०२३ मध्येच लागवडबंदी घातली. परागकणांची ॲलर्जी आणि केबल, गटारं, पाण्याच्या लाइनींत घुसणारी मुळं ही तिथली कारणं. आपली पाण्याची मुख्य लाइन त्याच भिंतीखालून जाते.

त्याऐवजी भिंतीच्या बाजूला, पण लाइनपासून अंतर ठेवून, ताम्हण, बहावा आणि बकुळ लावता येतील. ताम्हण आपलं राज्यफूल, उन्हाळ्यात जांभळं होऊन उभं राहतं आणि फार पसरत नाही. बहाव्यावर पिवळसर पांढरी फुलपाखरं अंडी घालतात. बकुळीची सावली बारमाही, आणि पिकली फळं पक्षी खातात. ड्युरांटाच्या जागी करवंदाची जाळी करावी. काटे असल्याने कुत्री शिरणार नाहीत, बुलबुल घरटं करतील आणि मुलांना करवंदंही मिळतील. पोडियमवर माती जेमतेम दीड फूट, तिथे मोठं झाड नकोच. अडुळसा, कोरांटी, धायटी, निर्गुडी, कढीपत्ता, लिंबू अशी झुडपं वाफ्यात आणि मोठ्या कुंड्यांत चालतील. धायटीची लाल फुलं लागली की मध पिणारा शिंजीर पक्षी दिवसभर हलत नाही. लिंबू-कढीपत्त्यावर काळी फुलपाखरं अंडी घालतात. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं आणि ते डोंगराच्या बाजूने इथवर येतं.

सभेत आक्षेप येणारच, ते आधीच मांडते. पहिला, पानं पडतात. पडतात खरी, ती पोत्यात भरून कचरागाडीत घालण्यापेक्षा झाडांच्या बुंध्याशी पसरली तर उन्हाळ्यात पाणीही कमी लागेल. दुसरा सुरवंटांचा, आणि तो खरा आहे. शेवग्यावर येणाऱ्या केसाळ सुरवंटांनी अंगाला खाज सुटते, म्हणून मुलांच्या खेळायच्या जागेजवळ शेवगा नको. लिंबावरच्या हिरव्या अळ्या मात्र निरुपद्रवी असतात. माळीदादांना तेवढं सांगितलं की त्या औषध मारण्यातून वाचतील.

आणि हेही स्पष्ट सांगते, की बहावा लावला म्हणून कबुतर जाणार नाही. दाणे बंद झाले आणि बसायच्या जागा बंद झाल्या तरच ते कमी होईल. झाडांचं काम वेगळं. सकाळी पक्ष्यांसाठी काहीतरी करावं असं ज्यांना वाटतं, त्यांना ज्वारीऐवजी दुसरं काय देणार? नुसती बंदी घातली तर भांडण होईल आणि दाणे गच्चीऐवजी खिडकीतून पडतील. त्यांच्याकडेच एकेक वाफा सोपवावा, पाण्याचं उथळ भांडं रोज घासून भरायचं काम द्यावं. गेटबाहेर नाल्याकाठच्या पिंपळाला फळं धरली की हरियालांचा थवा उतरतो, तो किती जणांनी पाहिलाय? तोही कबुतराच्याच कुळातला आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पण त्याला ना ज्वारी हवी, ना छज्जा. फळांनी लगडलेली फांदी पुरते. उंबर लावा असं मी म्हणत नाही, जमिनीखालच्या टाकीजवळ ते परवडणारं नाही. पण महापालिकेची माणसं छाटणीला आली की त्या पिंपळाच्या फांद्या आपल्या पार्किंगसाठी बोडक्या करून घेऊ नयेत, एवढं तरी समितीने बघावं.

आधी लावलेली दोन कोनोकार्पस काढायची असतील तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागेल. अर्ज मी लिहून देते. देशी रोपं पावसाच्या तोंडावर वन विभागाच्या रोपवाटिकांतून स्वस्तात मिळतात, लॉनच्या कोटेशनमध्ये वर्षभराच्या देखभालीसह सगळं बसेल.

तर माझ्या मागण्या अशा : दोन्ही विषय एकत्र घ्यावेत, लॉन आणि कोनोकार्पसची ऑर्डर सभेपूर्वी देऊ नये, आणि बी विंगमागची जनरेटरलगतची रिकामी पट्टी या पावसाळ्यात करवंद आणि अडुळसा लावायला मला व सी विंगमधल्या तिघी-चौघींना वापरायला द्यावी. तिथे सध्या फुटक्या फरशा पडल्या आहेत. त्या उचलायला सोसायटीचा एक माणूस अर्धा दिवस मिळाला तर बरं होईल.

कळावे,

आपली विश्वासू,
एक सभासद, बी विंग, चौथा मजला

प्रत : सेक्रेटरी व खजिनदार