घरी बसवण्यासाठी म्हणून विकलेल्या प्रायमरी संचातील रबर सदोष असल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
सुटे भाग विक्री विभाग

महोदय,

माझ्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेट ३५० साठी मी आपल्या संकेतस्थळावरून प्रायमरीचा, म्हणजे इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणाऱ्या चेनचा, संच मागवला होता. त्यात डुप्लेक्स (दोन पदरी) चेन, तिचा ताण राखणारी टेन्शनरची पट्टी आणि तेल गळू नये म्हणून कव्हरला लावायचे रबर होते. ‘घरच्या घरी बसवा’ असे खोक्यावर ठळक छापलेले आहे आणि तेवढ्यासाठीच मी हा संच निवडला.

ही चेन बिनजोडाची असल्यामुळे ती बदलण्यासाठी डावा फूटरेस्ट काढून, तेल उतरवून, कव्हर मोकळे केल्यानंतर वीज तयार करणारे स्टेटर व रोटर, इंजिन स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) आणि क्लच असे सगळेच बाहेर काढावे लागते. हे काम मी एका रविवारी सावकाश केले. स्टेटर परत लावताना रोटरभोवतीची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सगळीकडे तपासली, आणि चेन फिरवत तिची सर्वांत ताठ जागा शोधून तिथे ६ मिलिमीटर ढील ठेवली. चेन आणि पट्टी उत्तम आहेत, हे मुद्दाम नमूद करतो.

दोष रबरात आहे. ते खोबणीच्या मानाने आखूड असल्यामुळे ताणून बसवावे लागले, त्यामुळे क्लचच्या बाजूच्या वळणावर ते बारीक झाले, आणि जिथे त्याची टोके चिकटवली आहेत तिथे नखाला लागेल एवढा उंचवटा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखालच्या वर्तमानपत्रावर तळहाताएवढा तेलाचा डाग होता. मी जुने, कडक झालेले रबरच पुन्हा लावले. कव्हरचा तोच नट, तोच पाना, तोच हात, आणि गळती थांबली.

आपल्या ग्राहक सेवेने मला आधी ‘नट आणखी आवळा’ असे सांगितले. ज्या गाडीचे संपूर्ण कव्हर मधल्या एकाच नटावर धरलेले असते, तिथे हा सल्ला घातक आहे, कारण जास्त आवळल्याने ॲल्युमिनियमचे कव्हर वाकते आणि गळती कायमची होते. त्यानंतर ‘अधिकृत मेकॅनिककडून बसवले नसल्याने बदलून मिळणार नाही’ असे उत्तर आले. घरी बसवण्यासाठी म्हणून विकायचे आणि घरी बसवले म्हणून जबाबदारी नाकारायची, हे मला मुळीच मान्य नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एका महिन्यात व्हावे लागते. तरी मला योग्य मापाचे रबर आणि वाया गेलेल्या तेलाची किंमत मिळावी, तसेच नट आवळण्याचा सल्ला आपल्या कर्मचाऱ्यांनी यापुढे कोणालाही देऊ नये, अशी लेखी सूचना त्यांना द्यावी. तसे न झाल्यास मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

पावतीची प्रत आणि दोन्ही रबरे शेजारी ठेवून काढलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत. सदोष रबर मी जपून ठेवले आहे. आपला माणूस पाठवल्यास त्याच्या हाती देईन.

आपला,
एक ग्राहक