सुध्या, आधी पडदा तपासून घे

प्रिय सुध्या,

काल फोनवर तू सहज बोलून गेलास ना, की आठवडाभर उजवा डोळा लाल आहे, समोर काळे ठिपके तरंगतात, जरा धूसर दिसतं आणि मेडिकलमधून आणलेले ड्रॉप्स टाकतोय, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. वहिनी शेजारी होत्या म्हणून मी फार बोललो नाही, पण आता सगळं लिहून टाकतो, नीट वाच.

माझ्या डाव्या डोळ्याचं तुला अर्धवटच माहितीये. सहा वर्षांपूर्वी अगदी अशीच सुरुवात झाली होती. मी पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी बाहुली मोठी करून आत बघितलंच नाही, वरवर बघून सूज आहे म्हणाले आणि ड्रॉप्स आणि स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. चार दिवस छान वाटलं, लाली गेली, मी खूश. दहाव्या दिवशी पेपर वाचताना शब्दांची मधलीच अक्षरं गायब व्हायला लागली. तेव्हा कुठे घाबरून पुण्याला रेटिना स्पेशालिस्टकडे गेलो.

त्या बाईंनी ड्रॉप्स टाकून पाऊण तास बसवलं, मग कपाळावर दिवा बांधून आत बघितलं आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, टॉक्सोप्लाझ्मा, म्हणजे पडद्यात घुसणारा एक परजीवी जंतू. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, एक जुना काळपट कडांचा डाग होता, बहुतेक लहानपणीचा, मला कधी कळलाही नव्हता, आणि त्याला चिकटून नवीन पांढरा कापसासारखा भाग, त्यावर सगळं धुकं. डॉक्टर लोक याला धुक्यातला हेडलाइट म्हणतात. आंबोली घाटात त्या पावसात समोरून येणारी एसटी आपल्याला कशी दिसली होती आठवतंय? तसं.

लक्षात घे, हे निदान मुख्यतः डोळ्यात बघूनच होतं. रक्ताची टेस्ट करतात पण ती साक्षीदारासारखी. माझं आयजीजी (जुन्या इन्फेक्शनची खूण सांगणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह होतं, म्हणजे हा जंतू आयुष्यात कधीतरी शरीरात आलाय, एवढंच, आणि असे लोक आपल्याकडे भरपूर आहेत ज्यांना काहीही त्रास नाही. आयजीएम (ताज्या इन्फेक्शनची अँटीबॉडी) निगेटिव्ह आलं कारण इन्फेक्शन जुनं होतं, पुन्हा उफाळलेलं. उलट आयजीजी निगेटिव्ह असतं तर त्यांनी दुसरं काहीतरी शोधलं असतं. सोबत छातीचा एक्सरे, टीबीची टेस्ट, व्हीडीआरएल (सिफिलिसची टेस्ट), एचआयव्ही पण करून घेतलं, कारण टीबी आणि सिफिलिस पडद्यावर असेच सोंग घेऊन येतात, आणि प्रतिकारशक्ती कमी असेल तर हाच जंतू मेंदूतही जातो. एचआयव्हीचं नाव ऐकून तू बिचकू नकोस, रुटीन असतं ते. एवढं करूनही शंका राहिली तर डोळ्यातलं थेंबभर पाणी काढून पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधायची टेस्ट, करतात, मला गरज पडली नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या बाई मला म्हणाल्या, जंतूवरचं औषध न देता नुसत्या स्टेरॉइडच्या गोळ्या म्हणजे पहारेकरी झोपवून दार उघडं ठेवणं. सूज उतरते, बरं वाटतं आणि आत जंतू पडदा खात राहतो. मला आधी कोट्रायमोक्साझोल ही जंतूवरची सल्फाची गोळी, डबल स्ट्रेंथ, सकाळ-संध्याकाळ सुरू केली, दोन-तीन दिवसांनी त्याच्या आधाराने स्टेरॉइड, हळूहळू कमी करत, असे सहा आठवडे. गोळी स्वस्त आहे, साधी आहे, पण सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर चालत नाही, अंगावर पुरळ आलं तर लगेच थांबवायची. तुला कॉलेजात कुठल्यातरी गोळीने गांधी उठल्या होत्या, ती कुठली होती ते काकूंना विचारून ठेव आणि डॉक्टरांना सांग! सल्फा चालत नाही त्यांना डोळ्यात क्लिंडामायसिनचं इंजेक्शन देता येतं, ऐकायला भयंकर वाटतं पण माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या काकांनी घेतलं आणि स्वतः चालत बाहेर आले.

औषधाने जंतू पूर्ण मरत नाही. त्याच्या गाठी पडद्यात तशाच झोपून राहतात, म्हणून परत उफाळू शकतो. ब्राझीलमध्ये हा आजार खूप आहे, तिथे वारंवार त्रास होणाऱ्या लोकांना दर तीन दिवसांनी हीच कोट्रायमोक्साझोलची एक गोळी असं वीस महिने देऊन बघितलं, तर परत होण्याचं प्रमाण शंभरात साधारण २४ होतं ते ७ च्या आसपास आलं. २००२ साली छापून आलंय ते. मला त्या वाक्याने फार धीर आला होता.

आणि हा जंतू मांजरातून पसरतो म्हणून मनीला घराबाहेर काढू नकोस, काकूंनी कितीही आग्रह केला तरी. मांजर साधारण आयुष्यात एकदाच, पहिल्या इन्फेक्शननंतर एक ते तीन आठवडे, विष्ठेतून हा जंतू सोडतं, आणि तेही ताजं असताना लागत नाही, एक ते पाच दिवस जावे लागतात. तिच्या शी-शूचा ट्रे रोज साफ केला की झालं. माणसाला हे कच्चं-अर्धवट शिजलेलं मटण, न धुतलेली भाजी, शेतातली माती, पाणी यातूनही लागतं. कोइम्बतूरला २००४-०५ मध्ये एकाच साथीत २४८ लोकांच्या डोळ्यांना हे झालं, आणि संशय पाण्यावर होता. क्लोरीनने हे मरत नाही, उकळल्यावर मरतं. विहिरीचं पाणी आपण ओंजळीने प्यायचो ना, मला सारखं तेच आठवतं. माणसाकडून माणसाला शेजारी बसून लागत नाही, त्यामुळे वहिनींना तुझ्याकडून काही होणार नाही, पण त्यांना दिवस गेलेत म्हणून मनीचा ट्रे तूच साफ कर आणि त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

तुला हेच झालंय असं मी म्हणत नाही. दुसरंही काही असू शकतं. पण पडद्याचं असेल तर दिवस मोजायचे असतात. माझा नवीन डाग मध्यभागाच्या कडेलाच होता, आज डाव्या डोळ्याने पोरीचा चेहरा बघितला तर तिची हनुवटी राखाडी दिसते, आणि ती आता तशीच राहणार. ते दहा दिवस मला परत मिळत नाहीत.

उद्या सकाळी नऊला मी तुझ्या दारात असेन, अपॉइंटमेंट घेतलीये. गाडी मी चालवतो, बाहुली मोठी केल्यावर चार-पाच तास तुला नीट दिसणार नाही, गॉगल घे. त्या ड्रॉप्सची बाटली आणि आधीच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून ठेव, डॉक्टरांना दाखवायची आहेत.

तुझाच,
विन्या