‘देवाने मला सांगितले’ म्हणणाऱ्यांविषयी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतल्या श्रद्धेवरच्या लेखात ‘देव माझ्याशी बोलतो’ म्हणणारा माणूस एकतर भोळा असतो नाहीतर लबाड, असा निकालच लेखकाने देऊन टाकला आहे. मी ख्रिस्ती आहे. नगरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढले, दवाखान्यात परिचारिकेची नोकरी करून निवृत्त झाले. भोळे आणि लबाड दोन्ही भरपूर पाहिले, त्यामुळे लेखकाशी भांडायला बसलेले नाही. पण तिसरा एक प्रकार त्यांच्या नजरेतून सुटला, आणि ती माणसे आमच्याच भागात होऊन गेली, म्हणून हे पत्र.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचीच गोष्ट घ्या. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही सांगून ठेवले. टिळक काही दुसऱ्या दिवशी उठून पाण्यात उतरले नाहीत. वाचले, वाद घातले, स्वतःशी झगडले, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नातलग तुटले, बायको-मुलाची ताटातूट झाली. पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या, तरी त्यांनी आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळेच ठेवले. मला इथे टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंचे जास्त कौतुक वाटते. नवऱ्याला देवाने बोलावले म्हणून त्या मागोमाग गेल्या नाहीत. जातिभेद देवाने नाही, माणसाने केला, हे त्यांना आपले आपण उमगले तेव्हा त्यांनी सोवळे सोडले, आणि १९०० साली स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षे टिळकांना ‘मला देवाने सांगितले आहे, आता तूही चल’ असा धाक घालता आला असता. नवरा म्हणून त्या काळात ते अगदी सहज खपलेही असते.

टिळकांच्या आज्ञापालनाची झळ लक्ष्मीबाईंना बसली नाही, असे मी म्हणणार नाही. चांगलीच बसली. १९१७ मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडून टिळक साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडायला निघाले, तेव्हाही संसार एकट्या टिळकांचा नव्हता. पण हुकूम त्यांनी स्वतःवर सोडला होता, बायकोवर नाही.

आता माझ्या पाहण्यातली गोष्ट. आमच्याकडच्या एक मावशी, साखर आणि रक्तदाब दोन्ही. बाहेरगावचे एक उपदेशक घरसभेला आले आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘प्रभू मला सांगतोय, तुमचा आजार गेला.’ मावशींनी त्या रात्रीपासून गोळ्या बंद केल्या. पंधरवड्याने मी भेटायला गेले तर पाय सुजलेले, जीभ कोरडी. गोळ्यांचे पाकीट कुठे आहे विचारले, तर बायबलच्या कव्हराला चेनचा कप्पा असतो ना, त्यातून काढून दिले. टाकून द्यायला जीव होईना, आणि सुनेच्या नजरेला पडायला नकोत, म्हणून तिथे ठेवलेल्या. साखर तपासली, आकडा पाहून मीच खाली बसले. रिक्षा करून दवाखान्यात नेले. उपदेशक तोवर पुढच्या गावाला गेले होते. देवाचा निरोप यांनी आणला आणि उपास मावशींना घडला.

पंडिता रमाबाईंचे उलट होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या. अमेरिकेतून येणारी मदत त्यांच्या उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी होती, तीही दहा वर्षांच्या बोलीवर आणि मुदत संपत आलेली. या मुलींच्या पोटाची तजवीज कुणीच केलेली नव्हती. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आणि बहीण पूर्वीच्या दुष्काळात गेले होते, म्हणजे आपण काय अंगावर घेतोय हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. देवाने सांगितले म्हणाल्या, आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला विहिरी खणायला लागल्या. म्हातारपणी बायबल सोप्या मराठीत आणायचे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ते काम १९२२ मध्ये मृत्यूपर्यंत चालले.

संडेस्कूलमध्ये बायबलातल्या शमुवेलाची गोष्ट आम्ही सगळ्यांनी ऐकलेली असते. रात्री हाक येते, पोरगा उठून तीनदा म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे, धावतो, एली सांगतो, पुन्हा हाक आली तर म्हण, बोल, तुझा दास ऐकत आहे. गोष्ट इथेच थांबवतात आणि मुलांना गाणे म्हणायला लावतात. पुढचे सांगत नाहीत. हाक कुणाची हे शमुवेलाला कळत नव्हते, ते त्या दिसेनाशा झालेल्या म्हाताऱ्याने ओळखले. आणि निरोप होता त्याच म्हाताऱ्याच्या घराण्याविरुद्ध. शमुवेलाला तो सांगायची भीती वाटली, एलीने खोदून खोदून विचारला, आणि ऐकल्यावर म्हणाला, तो परमेश्वर आहे, त्याला बरे दिसेल ते तो करो. ज्याला कुणी ‘तुझे चुकतेय’ म्हणू शकत नाही असा माणूस देवाचा निरोप घेऊन आला, की मला या एलीची आठवण होते. योहानाच्या पहिल्या पत्रातही प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या, असे सरळ लिहिले आहे. आमच्या जुन्या मंडळीत ही पारख होत असे. एखाद्याला सेवेचे पाचारण झाले असे वाटले, तर पंच त्याला बसवून विचारत, घरी काय म्हणतात, कर्ज किती आहे, शेजाऱ्याशी बोलतोस का. त्यात कधी हेवेदावेही चालत, ते सोडून द्या.

पुढच्या महिला मंडळात हा विषय घ्यावा, आणि कुणीही गोळ्या बंद करायला सांगितल्या तर आधी डॉक्टरांना आणि घरच्यांना विचारा, हे वेदीवरून जाहीर करावे, असे मी आमच्या पाळकसाहेबांना सुचवले आहे. ‘प्रार्थना करून सांगतो, बाई,’ म्हणाले. करा म्हटले. तोवर मावशींच्या गोळ्या त्यांची सून मोजून देते आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, अहिल्यानगर