चांदवडच्या पूर्वेचे डोंगर वेगळे आहेत, त्यांचा आराखडाही वेगळा करा

मा. मृद व जलसंधारण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस खुले पत्र

महोदय,
स. न. वि. वि.

सातमाळ्याची रांग अचला-अहिवंतापासून निघते आणि सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, राजधेर, इंद्राई, चांदवड करत मनमाडजवळच्या अनकाई-टनकाईपर्यंत येते. नाव एकच असले तरी तिची दोन टोके दोन वेगळ्या मुलखांत आहेत. धोडपचा माथा १,४०० मीटरच्या वर जातो, अनकाई हजारालाही पोचत नाही. इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. नांदगाव-येवल्याकडे तो साधारण पाचशेच्या आसपास येतो आणि त्यातलाही बराचसा थोड्याच जोरदार सरींत कोसळून जातो. तरीही याच बुटक्या, उघड्या डोंगरांच्या पाठीवर दोन खोऱ्यांची वाटणी होते. उत्तरेचे पाणी गिरणेतून तापीला मिळते, दक्षिणेचे गोदावरीला.

त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांसाठी केलेला चरांचा (पाणी अडवायला उतारावर आडवे खणलेल्या खाचांचा) आणि वृक्षलागवडीचा आराखडा इथे जसाच्या तसा लावू नये, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

या डोंगरांचा दगड आडव्या थरांचा आहे. काळा पाषाण कठीण, त्यात पाणी शिरते ते फक्त भेगांतून. त्याच्या वर-खाली मांजऱ्या, म्हणजे मऊ, सच्छिद्र दगड. तो झिजून मुरूम होतो आणि पाणी धरतो. मधूनच लाल गेरूचा पट्टा लागतो. पाषाणाचा कडा उभा राहतो, मांजऱ्याचा उतार होतो, म्हणून लांबून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. वर मुरलेले पाणी सलग पाषाणावर किंवा गेरूवर येऊन अडते, आडवे सरकते आणि कड्याच्या बुडाशी झिरा म्हणून बाहेर पडते. चर कोणत्या पायरीवर घेतला यावर ते पाणी पायथ्याच्या विहिरीला लागणार की ओढ्याने निघून जाणार हे ठरते. त्यामुळे आखणीपूर्वी थर पाहायलाच हवेत, आणि त्यासाठी यंत्र लागत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी डोंगराला फेरी मारून ओल कुठे टिकली आहे, हिरवा पट्टा कुठे दिसतो, याच्या खुणा नकाशावर केल्या तरी पुरे.

आता चराचे माप. ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल सलग समतल चरात मीटरमागे १८० लिटर पाणी मावते. दोन चरांत दहा मीटर अंतर असेल, तर वरच्या पट्ट्यावरून वाहून आलेले १८ मिलिमीटर पाणी तो एका वेळी अडवतो. निम्मा पाऊस वाहून जातो असे धरले, तर ३६ मिलिमीटरची सर पेलते. मोठी सर आली की चर भरून सांडणारच. तो सगळ्या लांबीवरून सारखा सांडला तर काही बिघडत नाही. एकाच जागी सांडला तर तिथे घळ पडते. आणि तो एकाच जागी सांडतो, कारण 'समतल' हा शब्द फक्त कागदावर राहतो. शंभर मीटरला अर्धा मीटर उतार राहिला, तर साठ मीटरवर ३० सेंटीमीटर फरक पडतो, म्हणजे चराची अख्खी खोली गेली. वरचे टोक कोरडे राहते, खालच्या टोकाला चरातून काढलेल्या मातीचा भराव फुटतो आणि खालचे सगळे चर एकामागोमाग वाहून जातात. यावर उपाय स्वस्त आहे. पाण्याच्या नळीने किंवा ए-फ्रेमने (पातळी पाहायच्या 'A' आकाराच्या साध्या चौकटीने) आखणी करावी, दर दहा मीटरवर चरात न खणलेली मातीची आड ठेवावी, चर आणि भराव यांत वीतभर जागा सोडावी आणि काम माथ्याकडून पायथ्याकडे न्यावे. पायथ्याची कामे आधी उरकली की वरून येणारा लोंढा ती भरून टाकतो.

कड्याखालच्या घसाऱ्यावर मात्र चर घेऊच नयेत. तिथे सुटे दगड आणि माती नुसती टेकलेली असते. पोकलेनने उतार कापला की त्याचा आधार जातो, पाणी आत शिरते आणि भरावासकट सगळे खाली येते. अशा जागी ओघळीत अनघड दगडी बांध घालावेत, तेही ओघळीच्या वरच्या टोकापासून सुरू करून. बांध मधे थोडा खोलगट आणि दोन्ही काठांत नीट रुतवलेला हवा. मधला भाग उंच ठेवला तर पाणी बाजूने काठ खाते.

माथ्यावरच्या माळांबद्दल आम्हांला सर्वांत जास्त काळजी वाटते. तिथे वीतभरही माती नसते आणि जी आहे ती पवना, मारवेल, कुसळी या गवतांनी धरून ठेवली आहे. यंत्राने खणल्यावर मुरूम वर येतो, माती खाली दबते आणि उघड्या मुरमावर गवत वर्षानुवर्षे परतत नाही. हा माळ पडीक नाही. मेंढपाळांची चराई त्यावर आहे, आणि राजापूर-ममदापूरकडचे काळवीट अशाच मोकळ्या गवतावर जगते. तिथे खड्डे घेऊन झाडांचे आकडे वाढवणे म्हणजे असलेले घालवणे. माळाला हवी आहे ती पाळीपाळीने चराई आणि बी गळून पडल्यावर कापणी. चर घ्यायचाच असेल तर वरची माती वेगळी काढून भरावावर शेवटी पसरावी आणि तिच्यावर मारवेलचे ठोंब लावावेत.

झाडे लावायची ती उताराच्या मांजऱ्यात: अंजन, सालई, धावडा, खैर, हिवर, बोर. यांतला अंजन आधी खोल मूळ सोडतो, वर उशिरा वाढतो. तपासणीत उंची मोजली तर तो नापास होतो आणि पुढच्या वर्षी त्याच्या जागी भराभर वाढणारे गिरिपुष्प येते. म्हणून उंचीचा निकष काढून दोन उन्हाळे काढलेली रोपे मोजावीत.

येत्या पावसाळ्याच्या कामांपूर्वी चांदवड, नांदगाव आणि येवला या तीन तालुक्यांसाठी स्वतंत्र मापदंड काढावेत, ही विनंती. त्यात माथा, घसारा, उतार आणि पायथा यांची वेगवेगळी अंदाजपत्रके असावीत, गवताच्या संरक्षणाला लागवडीइतकाच निधी मिळावा आणि चराची पातळी तपासल्याशिवाय बिल निघू नये. तपासणी सोपी आहे. पहिल्या चांगल्या सरीनंतर जाऊन चराच्या दोन्ही टोकांना पाण्याची खोली मोजावी.

कळावे,

सातमाळ्याच्या पूर्व भागाचे अभ्यासक
नाशिक

प्रत : मा. जिल्हाधिकारी, नाशिक, मा. उपवनसंरक्षक, पूर्व भाग, नाशिक